खुब्याचा अस्थिमृत्यू : प्रगतीचे भाकीत

मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटून तेथील हाड मरते, त्या विकाराला खुब्याचा अस्थिमृत्यू म्हणतात. ‘अ‍ॅव्हॅस्क्युलर नेक्रॉसिस’ या वैद्यकीय नावावरून तो ‘एव्हीएन’ म्हणून ओळखला जातो. हाडाच्या मानेचे फ्रॅक्चर, स्टेरॉइड, अतिमद्यपान व सिकलसेल ही त्याची प्रमुख कारणे होत.

मेलेले हाड लगेच खचत नाही. शरीर ते शोषून नवे घालू लागते. या डागडुजीत डोके कमकुवत होते, कूर्चेखाली चंद्रकोरीसारखी भेग पडते आणि चालण्याच्या भाराने गोलाई चेपते. पुढे सांधा झिजतो. डोके खचेल का आणि कधी, हे आधी ओळखणे म्हणजे प्रगतीचे भाकीत.

भाकिताचे मुख्य आधार दोन : मृत भागाचा आकार व त्याची जागा. एमआरआयमध्ये समोरून व बाजूने घेतलेल्या मधल्या छेदांवर मृत भागाने व्यापलेले कोन मोजून त्यांची बेरीज करतात. ही पद्धत केरबूल यांची (1974), मूळची एक्स-रेवरची. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोरियन अभ्यासात बेरीज 190 अंशांपर्यंत असलेला एकही खुबा खचला नाही. 240 किंवा त्याहून अधिक असलेले सर्व खचले. जपानी वर्गीकरण जागेला महत्त्व देते : भार पेलणारा पृष्ठभाग ओलांडून डोके बसते त्या खोबणीच्या बाहेरच्या कडेपलीकडे गेलेला मृत भाग सर्वांत धोक्याचा. मज्जेची सूज आणि वाढते दुखणे हीही खचण्याची चिन्हे मानतात.

मुंबईत हा विषय 2021 मध्ये चर्चेत आला. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अग्रवाला व सहकाऱ्यांनी कोविडनंतरचे तीन रुग्ण नोंदवले. त्यांना उपचारात प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सरासरी 758 मिलिग्रॅम मिळाले होते; पूर्वीच्या नोंदींत धोक्याची मात्रा सुमारे 2,000 मिलिग्रॅम होती. एरवी सहा महिने ते वर्ष घेणारा आजार कोविडच्या निदानानंतर सरासरी 58 दिवसांतच दिसला. अग्रवाला यांनी अ‍ॅलेंड्रोनेट या औषधाने डोके खचणे लांबवता येते, असे दीर्घ पाठपुराव्यातून मांडले होते; मात्र तैवानमधील 2012 च्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही.

भाकितावर उपचार ठरतो : लहान डागावर नजर ठेवणे, डोके गोल असेतो हाडाला छिद्र पाडून दाब कमी करणे, सांधा झिजल्यावर कृत्रिम सांधा. पहिल्या अवस्थेत एक्स-रे नॉर्मल असतो. म्हणून स्टेरॉइड घेतलेल्या व्यक्तीची जांघ सतत दुखत असल्यास एमआरआय करावा, आणि तो दोन्ही खुब्यांचा.