धान्य कोणी मोजलं? वाघूरकाठावरून जगाचा इतिहास

आज आपल्याला मोठा पल्ला गाठायचा आहे. पहिल्या नागरी संस्कृतींपासून निघून फ्रान्सच्या चौदाव्या लुईपर्यंत, म्हणजे सुमारे पाच हजार वर्षं. पाठ्यपुस्तकात हा प्रवास मेसोपोटेमिया, इजिप्त, ग्रीस, रोम असा होतो आणि वाटेत आपला खानदेश कुठे लागतच नाही. स्पर्धा परीक्षेची पोरं लुईच्या तोंडी घातलेलं ‘राज्य म्हणजे मी’ हे वाक्य घडाघडा म्हणून दाखवतात. पण 1630 साली नंदुरबारला काय झालं, असं विचारलं की गप्प होतात. दोष पोरांचा नाही. त्यांना कोणी सांगितलंच नाही.

म्हणून आम्ही आज सुरुवात पहूरपासूनच करतो. पहूर दोन आहेत, पेठ आणि कसबे. पेठ म्हणजे बाजार. कसबा हा अरबी शब्द, फारसी कारभारातून आपल्याकडे आला. परगण्याचं मोठं गाव, कारभाराचं ठिकाण असा त्याचा अर्थ. म्हणजे एकीकडे माल विकणारा आणि दुसरीकडे त्यातला सरकारी वाटा मोजून घेणारा. आज एवढा एकच प्रश्न हातात धरून चालू या: धान्य कोणी पिकवलं, आणि कोणी मोजून नेलं?

दक्षिण इराकमधल्या उरुक शहरात इ.स.पू. 3200 च्या सुमाराला मातीच्या पाट्यांवर लिहायला सुरुवात झाली. काय लिहिलं? काव्य नाही, स्तोत्र नाही. जव किती आले, मेंढ्या किती, कोणाला किती शिधा दिला. लिपीचा जन्म असा कोठारात, हिशेबासाठी झाला. पुढे इ.स.पू. अठराव्या शतकात बॅबिलोनला हम्मुराबीने आपले कायदे दगडावर कोरले, तेव्हा त्यातही धान्याचं कर्ज आणि त्याचं व्याज आहेच.

त्याच सुमाराला आपल्याकडे तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे येथे लोक राहात होते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने 1954-55 साली तिथे उत्खनन केलं. रंगवलेली मडकी, दगडाची बारीक पाती, थोडंसं तांबं. त्याहून जुनी सावळदा संस्कृती, तिला नावच तापीकाठच्या सावळदा गावाचं आहे. नगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला सगळ्यांत खालच्या थरात याच सावळदा संस्कृतीची भांडी निघाली. पण तापीकाठच्या या माणसांनी लिहून काही ठेवलं नाही, राजवाडा बांधला नाही, म्हणून पुस्तकाने त्यांना वगळलं. आम्हाला हे पटत नाही. ज्यांचं धान्य कोणी मोजून नेलं नाही, ते काय उपाशी होते?

लगेच ‘आमचंच सगळं आधी’ असंही म्हणायला नको. आपल्या ताटात बघा. भाकरीची ज्वारी मूळची आफ्रिकेची. भरिताचं वांगं आपलं, पण त्यातली मिरची आणि शेंगदाणे अमेरिकेतून आलेले, कोलंबसाच्या 1492 च्या सफरीनंतर. खानदेशी भरीत म्हणून आपण मिरवतो ते निम्मं परदेशी आहे. असो.

पहूरला येणारी वाघूर अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहात येते. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, तिथे छिन्नीचे घाव पडत होते. सोळावं लेणं त्याचा मंत्री वराहदेव याने करवून घेतलं, तसा शिलालेख आहे. पश्चिमेकडे 476 साली रोमचा शेवटचा सम्राट गादीवरून उतरवला गेला तो याच पिढीत. लेणं कोरणाऱ्यांना आणि भिक्षूंना रोज जेवायला लागत होतं. शिलालेखात मंत्र्याचं नाव आहे, ते दाणे पिकवणाऱ्या गावांचं नाही.

आता मोठी उडी मारू या. अकबराने अशीरगड घेतला आणि 1601 च्या जानेवारीत फारूकींचं खानदेश राज्य संपलं. राजपुत्र दानियालच्या नावावरून सुभ्याला दानदेश म्हणू लागले. काही आठवड्यांच्या अंतराने तिकडे लंडनला राणी एलिझाबेथने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली होती.

1615 च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या जेम्स राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून बऱ्हाणपूरला आला. राजाला सत्ता देवाने दिली आहे, असं मानणारा हा जेम्स. बऱ्हाणपूरला शाहजादा परवेझचा दरबार होता. रोला सांगितलं गेलं, जमिनीला डोकं लावा. तो म्हणाला, ही रीत नोकरांची, मी वकील आहे. मग शाहजाद्याने खाजगी भेटीचा शब्द दिला, पण ती झालीच नाही. रोने नजर केलेल्या दारूच्या बाटल्यांनी शाहजाद्याला आडवं केलं होतं! रोने आपल्या रोजनिशीत एक मार्मिक नोंद केली आहे: नाव आणि थाट शाहजाद्याचा, कारभार मात्र सगळा खानखानानचा. अनियंत्रित सत्तेबद्दल याहून नेमकं आम्ही फार थोडं वाचलं आहे.

आणि आता 1630. पाऊस गेला. गुजरात, खानदेश, दख्खन, सगळीकडे दुष्काळ. कंपनीचा माणूस पीटर मंडी त्या नोव्हेंबरात सुरतेहून आग्र्याला निघाला होता. नंदुरबारला त्याला तंबू ठोकायला प्रेतांपासून मोकळी जागा मिळेना. माळव्यात धान्य होतं. बंजाऱ्यांचे तांडे ते बैलांवर लादून आणत होते. पण बादशहा शाहजहान बऱ्हाणपूरला फौजेसह तळ देऊन होता, त्यामुळे गोण्यांची वाट आधी छावणीकडे. बादशाहनाम्यात लिहिलं आहे की बादशहाने लंगर उघडले, बऱ्हाणपुरात दर सोमवारी 5000 रुपये वाटले, आणि सुमारे 70 लाखांचा सारा माफ केला. हे खरंच, नाकारायचं कारण नाही. पण तोच ग्रंथ पुढे सांगतो की ही माफी एकूण वसुलीचा अकरावा हिस्सा होती. उरलेले दहा हिस्से? शेतात काही उभं नसताना वहीत ते उभेच होते.

1631 च्या जूनमध्ये मुमताज बऱ्हाणपूरलाच वारली, आणि पुढल्याच वर्षी आग्र्याला ताजमहालाचं काम सुरू झालं.

फ्रान्समध्ये साठ वर्षांनी हेच दिसतं. व्हर्सायचा राजवाडा झळकतो आहे, लुई युद्धात आहे, आणि 1693-94 च्या दुष्काळात तिथे दहा लाखांहून जास्त माणसं मेली. शेतकऱ्याकडून ‘ताय’ नावाचा कर घेतला जाई. सरदार-पाद्री बहुतेक त्यातून सुटलेले. पेठ आणि कसबा तिथेही होतेच, नावं वेगळी.

पुढच्या वेळी आपण 1789 पाशी येऊ. तोवर एक काम करा. घरात जुने जमिनीचे कागद असतील तर ते काढून बघा, ‘फसली’ सन दिसतो का. फसल म्हणजे पीक. हे वर्ष साऱ्याच्या वसुलीसाठी मुघलांनी बसवलेलं. सापडलं तर साल आणि गाव तेवढं लिहून आणा, मूळ कागद घरीच ठेवा.