एआय वेबसाइट-बिल्डर : लघुउद्योगासाठी निवड

धंद्याचे नाव, गाव आणि मालाचे वर्णन अशा चार ओळी लिहून दिल्या की मजकूर, चित्रे आणि मांडणीसह वेबसाइट उभी करून देणारी ऑनलाइन सेवा. डोमेन (पत्ता) आणि होस्टिंग (जागा) बहुधा याच सेवेकडून भाड्याने मिळते. निवडीतल्या बहुतेक चुका या भाडेकरारात होतात; पान दिसायला कसे आहे हा भाग त्यामानाने सोपा.

घरच्या घरी पान तयार करण्याची सोय जुनीच आहे. जिओसिटीज १९९४ साली सुरू झाली, वर्डप्रेस २००३ साली, तर विक्स २००६ साली. ‘स्वतःची रचना स्वतः करणारी वेबसाइट’ असा गाजावाजा द ग्रिड या कंपनीने २०१४ मध्ये केला. विक्सने २०१६ मध्ये आणलेले साधन प्रश्नोत्तरांवरून तयार साचे जुळवी. चॅटजीपीटीनंतर (२०२२) मजकूरही यंत्र लिहू लागले आणि होस्टिंगर, गोडॅडी, ड्युरेबल, वर्डप्रेस डॉट कॉम अशा अनेकांकडे ही सोय आली. पान मिनिटाभरात सगळेच देतात, त्यामुळे वेगावरून निवड करण्यात आता अर्थ उरलेला नाही.

पहिली चौकशी डोमेनची करावी. ते धंद्याच्या मालकाच्या नावावर आणि त्याच्याच ईमेलवर नोंदलेले हवे. भाच्याच्या किंवा वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या खात्यावर नको. गूगलने बिझनेस प्रोफाइलसोबत दिलेल्या फुकट वेबसाइटी मार्च २०२४ मध्ये बंद केल्या, तेव्हा हा फरक दिसला. ज्यांचे स्वतःचे डोमेन होते त्यांना तोच पत्ता नव्या वेबसाइटकडे वळवता आला. ज्यांचा पत्ता ‘बिझनेस डॉट साइट’ने संपत होता, त्यांच्या पाट्यांवर आणि बिलबुकांवर छापलेला पत्ता काही महिन्यांतच निकामी झाला.

दुसरी चौकशी सोडून जाण्याची. विक्सवर बांधलेली वेबसाइट उचलून दुसऱ्याच्या होस्टिंगवर नेता येत नाही. नव्या ठिकाणी ती पुन्हा बांधावी लागते. वर्डप्रेसमधला मजकूर फाइल करून बाहेर काढता येतो, पण वर्डप्रेस स्वतःच्या होस्टिंगवर ठेवले तर अपडेट आणि सुरक्षेकडे कुणाला तरी सतत पाहावे लागते. सलूनच्या एका पानासाठी या अडकण्याची फारशी फिकीर करू नये, ते पान एका दुपारी पुन्हा लिहून होते. तीनशे वस्तूंचे हार्डवेअर दुकान असेल तर मात्र वस्तूंची यादी एक्सेलसारख्या फाइलमध्ये उतरवता येते का, हे पैसे भरण्याआधी करून पाहावे.

जाहिरातीतला दर बहुधा पहिल्या वर्षाचा किंवा दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरणाऱ्यासाठीचा असतो. रिन्यूअलचा दर वेगळा, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि परदेशी सेवा असेल तर कधी डॉलरमधले बिल. ऑनलाइन विक्री करायची असल्यास यूपीआयने पैसे घेता येतात का ते आधी विचारावे; परदेशी बिल्डरचे स्वतःचे पेमेंट-साधन भारतात चालेलच असे नाही. ज्यांची विक्री फोनवरच ठरते त्यांना व्हॉट्सॲपचे बटण आणि नकाशा पुरतो.

यंत्राने लिहिलेला मजकूर हा सर्वांत धोक्याचा भाग. ‘कोल्हापूर, मसाल्यांचे दुकान, कांदा-लसूण मसाला, घाऊक व किरकोळ’ एवढेच सांगितले तर पानावर काय काय येऊ शकते? लाकडी वाटीत मेक्सिकन वळणाच्या मिरच्या, आजोबांपासून चालत आलेल्या परंपरेची गोष्ट, आणि खाली पाच-पाच तारे देणारी तीन गिऱ्हाइके. दुकान गेल्या दिवाळीत उघडलेले असते आणि ती गिऱ्हाइके कुठेच नसतात. यंत्राने लिहिले म्हणून मालकाची सुटका होत नाही: फसव्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खाद्यपदार्थांचा १४ अंकी परवाना क्रमांक तर हातानेच भरावा. कंपनीचे कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार कुठे करायची हेही ऑनलाइन विक्रेत्याला द्यावे लागते (ई-कॉमर्स नियम, २०२०).

मराठीसाठी वेगळी परीक्षा हवी. बिल्डरच्या यादीत मराठीचे नाव असले तरी हाती येणारी वाक्ये पुष्कळदा ‘आमच्या प्रवासात सामील व्हा’ या थाटाची असतात. अशी वाक्ये काउंटरवर कुणी बोलत नाही. मालकाने फोनवर गिऱ्हाइकाला जे सांगितले असते तेच लिहावे. पानाची भाषा हिंदी म्हणून नोंदली गेली तर काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ यांतला र वेगवेगळा उमटतो का, हे भांड्यांच्या दुकानदाराने तरी पाहावेच. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले दरपत्रक चिकटवले तर अक्षरांचा कचरा होतो. ते आधी युनिकोडमध्ये आणावे लागते. देवनागरीतले ‘.भारत’ डोमेन २०१४ पासून मिळते. पाटीवर ते शोभते, पण त्या पत्त्याचा ईमेल सगळीकडे स्वीकारला जात नाही, म्हणून जोडीला साधे ‘.इन’ घेऊन ठेवतात.

चाचणीच्या मुदतीत करण्याजोगे एकच काम सांगायचे तर ते असे : वायफाय बंद करून, दुकानातल्या साध्या मोबाइलवरून, मालकाने स्वतः एका वस्तूचा भाव बदलून पाहावा. त्याला कुणाला तरी फोन करून विचारावे लागले, तर दुसरा बिल्डर पाहावा.