कपाशीचे बियाणे: पाकीट आपले, पीक कोणाचे?

१० जून २०१९. अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने तणनाशक-सहनशील कपाशीची जाहीर लागवड केली. या वाणाला मान्यता नव्हती. पर्यावरण कायद्यानुसार पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती.

विकत घेतलेल्या दाण्यावर हक्क किती? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मोन्सॅन्टोच्या बाजूने निकाल दिला: पेटंट असलेले दाणे खाता येतील, विकता येतील, पेरून वाढवता येणार नाहीत. भारताचा २००१ चा कायदा याहून उदार. शेतकरी बियाणे राखू, पेरू, देऊ, विकूही शकतो. केवळ ब्रँडच्या नावाने विकू शकत नाही.

वऱ्हाडात मात्र खरे कुलूप संकराचे. २००२ मध्ये मान्यता मिळालेली बीटी कपाशी संकरित. तिची सरकी पुढच्या हंगामात तेच गुण देत नाही. परिणामी हक्क कायद्यात असूनही दर मृगाला नवे पाकीट घ्यावे लागते.