बुधवार, १२ जुलै १९६१

पानशेतच्या पुरात शिरायचं असेल तर त्या सालात घरोघर वाजत होती ती गाणी लावा. पुरावर पुढे लिहिलं गेलेलं सगळं नंतर वाचा. या गाण्यांना पुढचं काही ठाऊक नाही. त्यांच्यात पुणं अजून कोरडं आहे.

मंगळवारची रात्र, नारायण पेठेतला वाडा. तुम्ही रेडिओचं बटण फिरवता, पण आवाज लगेच येत नाही. आधी आतले व्हॉल्व्ह तापतात, हिरवा डोळा उजळतो, मग खरखरीतून बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडक्यांचा, सूर वर येतो. ‘जगाच्या पाठीवर’ सिनेमा येऊन वर्ष झालं, तरी त्यातली गदिमांची गाणी वाड्यातल्या पोराटोरांच्या तोंडी आहेत. बाहेर पाऊस लागलाय. पावसाचं अजून कौतुकच आहे: गेल्या साली बिनाका गीतमालेत वर्षभरातून पहिलं आलं ते रफीचं गाणंसुद्धा ‘बरसात की रात’मधलंच. पोरांना घाई उद्याची. उद्या बुधवार, रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची गीतमाला.

याच घटकेला आंबी नदीवर, पानशेतच्या अर्धवट मातीच्या धरणावर, जवान भर पावसात पोती रचताहेत. धरणाच्या पोटातून पाणी सोडायची मोरी लोखंडी सळ्यांशिवाय बांधलीय. ती खचतेय, आणि तिच्यावरची माती बसत चाललीय. रेडिओवर गाणं चालूच आहे. मला दर वेळी इथेच सुई उचलावीशी वाटते.

सकाळी धरण फुटतं. “पाणी आलं, पळा!” एवढंच ऐकू येतं. म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन माणसं पर्वतीकडे धावताहेत, तुम्हीही त्यांच्यात. लकडी पूल पाण्याखाली जातो. दुपारी खडकवासला धरणाची भिंतही जाते. गेलेल्यांचा अंदाज पुढे हजारापर्यंत सांगितला गेला. पाणी दिवसा आलं म्हणून तेवढ्यावर निभावलं; रात्री आलं असतं तर पेठा झोपेत गेल्या असत्या.

रात्रीचे आठ वाजतात. गीतमालेची वेळ. नदीकाठच्या पेठांत वीज नाही, रेडिओ गाळात.

पाणी ओसरल्यावर तुम्ही वाड्यात परतता. रेडिओची लाकडी पेटी फुगून उकललीय. कोनाड्यातल्या रेकॉर्डी मात्र लाखेच्या; पाण्यानं विरघळल्या नाहीत, फक्त मधल्या कागदी चकत्या सुटून गेल्यात. चिखल धुतल्यावर हाती राहते काळी तबकडी. नाव नाही, गाव नाही. गाणं कुठलं, ते लावल्याशिवाय कळायचं नाही.

माळ्यावरचा फोनो वाचलाय. त्याला वीज लागत नाही. तुम्ही चावी भरता, सुई टेकवता. बराच वेळ नुसती घरघर. खराट्यानं गाळ लोटणाऱ्या काकू थबकतात. कुणीतरी काही बोलू जातं, तशा त्या हात वर करतात.

“थांब रे. ऐकू दे.”