इचलकरंजीची 'मीरा' आणि आपला विसरभोळेपणा

मंडळी, परवा आमच्या हुपरीत कट्ट्यावर नव्या इलेक्ट्रिक गाड्यांचा विषय निघाला. कोण म्हणतंय चार्जिंगचं काय, कोण म्हणतंय किमती बघा. मी सहज विचारलं, "आपल्या शेजारच्या इचलकरंजीत एका माणसानं स्वतः कार बनवली होती, ठाऊक हाय का?" सात-आठ जण होते. एकालाही नाव सांगता आलं नाही. म्हणून हे जरा लांबलचक लिहितोय. वेळ काढून वाचा.

त्या माणसाचं नाव शंकरराव कुलकर्णी. गाडीचं नाव 'मीरा'. शिक्षण जेमतेम सातवीपर्यंत. १९४५ च्या सुमारास लहान, स्वस्त गाडीची कल्पना त्यांच्या डोक्यात आली आणि १९४९ मध्ये पहिली गाडी उभी राहिली, दोन माणसं बसतील एवढी. देशाला स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झालेली, राज्यघटना अजून लागू व्हायची होती, आणि पंचगंगेच्या पलीकडं एक माणूस मोटार जोडत बसला होता! पुढं सत्तरच्या दशकापर्यंत ते एकामागून एक सुधारित मॉडेल करत राहिले. स्प्रिंगांऐवजी रबराचं सस्पेन्शन, कमीत कमी सुटे भाग, लिटरला वीसेक किलोमीटर, आणि किंमत १२ हजारांच्या आसपास ठेवायची, असा त्यांचा हिशोब.

रबराच्या सस्पेन्शनला हसू नका. इंग्लंडातली जगप्रसिद्ध 'मिनी' १९५९ मध्ये आली, तिलाही रबराचंच सस्पेन्शन होतं. पाट्याची स्प्रिंग म्हटली की पाटे आले, शॅकल आले, बुश आले, ग्रीस आलं. गाडी हलकी आणि स्वस्त करायची तर हे सगळं कमी करायला पाहिजे. तिकडच्या नामवंत इंजिनिअरनं जो विचार केला, तोच इकडं सातवी शिकलेल्या माणसानं केला. मला यात चमत्कार वाटत नाही. हातानं काम करणाऱ्याला जिन्नस कुठं वाया जातोय ते आधी दिसतं. मी चांदीच्या घरातला. पैंजणाची कडी कुठं जाड झाली, घट कुठं आली, हे आमच्याकडं आजीसुद्धा बोटानं चाचपून सांगायची.

आणि हे इचलकरंजीतच का घडलं, हेही बघा. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग आणला. माग आला की मागं मिस्त्री आला, लेथ आला, वेल्डिंगवाला आला. कोल्हापुरात उद्यमनगर उभं राहिलं, ऑइल इंजिनं ओतली जाऊ लागली. मोडलं तर कंपनीला पत्र लिहीत बसायचं नाही, स्वतः उघडून बघायचं, ही सवय या पट्ट्यात रुजली. मीरा त्या सवयीतून आली.

मग ती बाजारात का आली नाही? आपल्याकडं एक ठरलेलं उत्तर आहे : "मारुतीसाठी मीरा मारली." मला हे उत्तर फार सोपं वाटतं. संजय गांधींना १९७० मध्ये इरादापत्र मिळालं, १९७१ मध्ये त्यांची मारुती कंपनी स्थापन झाली, पण त्या कंपनीचीही गाडी काही लोकांच्या दारात पोचली नाही. १९७७ नंतर ती बंदच पडली. आपण जिला मारुती म्हणतो ती सरकारी कंपनी १९८१ ची, सुझुकीबरोबरची, आणि तिची पहिली ८०० रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये, किंमत ५० हजारांच्या घरात.

खरी अडचण मला वेगळीच दिसते. १९५१ च्या उद्योग कायद्यानं कोण काय बनवणार आणि किती बनवणार हे दिल्लीत ठरायचं. छोट्या कारची चर्चा १९५९-६० पासून समित्यांमध्ये चालू होती. पण संजय गांधींना परवानगी मिळाली ती वर्षाला ५० हजार गाड्यांची. म्हंजे कार बनवायची तर पन्नास हजार बनवा, नाहीतर घरी बसा. वर्षाला दोनशे गाड्या करून, विकून, चुका सुधारत मोठं होण्याची वाट इचलकरंजीतल्या वर्कशॉपला नव्हती. भांडवल नाही, ओळख नाही. आणि लोक? ते ॲम्बेसिडर नाहीतर फियाट नोंदवून वर्षानुवर्षं नंबराची वाट बघत बसले होते.

पहिल्या कल्पनेपासून शेवटच्या मॉडेलपर्यंत पंचवीसेक वर्षं धरा. एवढी वर्षं एकच नाद करायचा, त्यातून एक गाडी विकली जात नाही, घरातला पैसा लोखंडात जातोय. अशा वेळी घर पाठीशी नसेल तर माणूस दुसऱ्याच वर्षी हात पुसून बाजूला होतो. शंकररावांचं नाव घेताना त्या घराचंही नाव घ्यायला हवं, असं मला वाटतं. आमच्याकडं चांदीच्या धंद्यातही नाव मालकाचं आणि रात्री जागून कड्या जोडणार बायका-पोरं.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांचं तर तुम्हाला आठवत असेलच. मुलाची हौस पुरवायला भंगारातून सुमारे ६० हजारांत जीप केली, तीही किक मारून चालू होणारी! डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी व्हिडिओ बघितला आणि जानेवारीत बदल्यात बोलेरो दिली. आपण सगळ्यांनी तो व्हिडिओ फॉरवर्ड केला. पण महिंद्रांनी तेव्हाच हेही लिहिलं होतं की ही गाडी नियमात बसत नाही. बरोबरच आहे ते. ब्रेक, दिवे, धडक यांची चाचणी झालीच पाहिजे, रस्त्यावर आपलीच पोरं असतात. माझं म्हणणं एवढंच की चाचणीचा खर्च आणि कागदपत्रं गावातल्या मिस्त्रीला झेपतील असं एखादं दार आपल्या जिल्ह्यात उघडता येईल का? इंजिनिअरिंग कॉलेजं ढिगानं आहेत. वर्षाला एका मिस्त्रीची एक कल्पना घ्या, मोजा, तपासा, त्याच्या नावानं नोंदवा. एवढ्यानं कॉलेज काही बुडणार नाही.

दुसरं काम तुमचं-माझं आहे. मीरा ज्यांनी रस्त्यावर बघितली ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. इचलकरंजी, हुपरी, रेंदाळ, जयसिंगपूर, कुठल्याही घरात तिचा फोटो असेल, जुन्या वर्तमानपत्राचं कात्रण असेल, कुणी त्या वर्कशॉपात काम केलेलं असेल, तर कमेंटमध्ये लिहा. आजोबा बोलायला तयार असतील तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. मी रविवारी दुपारी मोकळा असतो, बोलावलंत तर स्वतः येऊन लिहून घेईन.