वेदनामुद्रा श्रेणी

वेदनामुद्रा श्रेणी ही प्राण्यांच्या चेहऱ्यावरील बदलांवरून त्यांच्या वेदनेची तीव्रता अंकांत नोंदवण्याची पशुवैद्यकीय पद्धत आहे. ती ‘ग्रिमेस स्केल’ या नावाने ओळखली जाते. डोळे, कान, गाल, नाक-तोंडाचा भाग व मिशा यांच्या ठेवणीतील ठरावीक बदलांना निरीक्षक गुण देतो. या गुणांच्या आधारे प्राण्याला वेदनाशामक औषधाची गरज आहे किंवा नाही, हे ठरवण्यास मदत होते. इ.स. २०१० मध्ये प्रथम उंदरांसाठी तयार झालेली ही पद्धत पुढे ससा, घोडा, मेंढी, मांजर इत्यादी प्राण्यांसाठीही विकसित करण्यात आली.

पार्श्वभूमी

माणूस आपले दुखणे शब्दांत सांगू शकतो. प्राण्यांच्या बाबतीत ते निरीक्षणातूनच जाणून घ्यावे लागते. मेंढी, ससा यांसारखे भक्ष्य ठरणारे प्राणी वेदना शक्यतो उघड होऊ देत नाहीत, असे मानले जाते. कारण दुबळेपणा दिसल्यास शिकारी प्राणी त्यांनाच हेरण्याचा धोका असतो. खाणे मंदावणे किंवा हृदयाचे ठोके वाढणे ही लक्षणे भीती अथवा तापामुळेही दिसू शकतात. वेदना ओळखली गेली नाही, तर तिच्यावर उपचारही होत नाहीत.

प्राण्यांच्या मुखमुद्रांचा विचार चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भावाभिव्यक्तीविषयीच्या ग्रंथात केला होता. १९७८ मध्ये पॉल एकमन व वॉलेस फ्रिझन यांनी मानवी चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींची पद्धतशीर वर्गवारी मांडली. बोलता न येणाऱ्या तान्ह्या बाळांची वेदना चेहऱ्यावरून ओळखण्याचे संशोधनही पुढे झाले. प्राण्यांसाठीच्या श्रेणी याच विचारधारेतून आल्या.

विकास

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये उंदरांची वेदनामुद्रा श्रेणी प्रसिद्ध केली. डोळे आक्रसणे, नाकावर व गालावर फुगवटा येणे, कानांची आणि मिशांची ठेवण बदलणे ही पाच लक्षणे तीत आहेत. २०१४ मध्ये इटलीतील मिलान विद्यापीठाच्या एमानुएला डल्ला कोस्टा व इतर संशोधकांनी खच्चीकरणाची शस्त्रक्रिया झालेल्या घोड्यांच्या निरीक्षणातून सहा लक्षणांची श्रेणी तयार केली. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये खूरसड व कासदाह झालेल्या मेंढ्यांसाठी, तर माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये मांजरांसाठी अशी श्रेणी मांडली.

गुणांकन

मांजरांच्या श्रेणीत कान, डोळे, नाक-तोंडाचा भाग, मिशा आणि डोक्याची स्थिती या पाच बाबी पाहतात. लक्षण नसल्यास ०, मध्यम असल्यास १ आणि स्पष्ट असल्यास २ गुण देतात. त्यामुळे कमाल बेरीज १० होते. वेदना नसलेल्या मांजराचे कान पुढे वळलेले, डोळे उघडे, मिशा सैल व बाकदार आणि डोके खांद्यांच्या रेषेच्या वर असते. तीव्र वेदनेत कान चपटे होऊन बाहेरच्या बाजूस वळतात, डोळे बारीक होतात, तोंडाचा भाग ताणला जातो, मिशा सरळ होऊन पुढे येतात आणि डोके खाली झुकते. बेरीज ४ किंवा अधिक असल्यास वेदनाशामक देण्याचा विचार करावा, असे सुचवले जाते.

उपयोग

शस्त्रक्रियेनंतरची देखरेख, रोगनिदानास साहाय्य व औषधांची परिणामकारकता तपासणे यांसाठी या श्रेणी वापरल्या जातात. २०१२ मध्ये मोगिल यांच्या गटाने प्रयोगशाळेतील उंदरांवर काही प्रचलित वेदनाशामकांची फेरतपासणी केली. त्यांपैकी काही औषधांच्या त्या वेळी शिफारस केल्या जाणाऱ्या मात्रा अपुऱ्या पडत असून वेदना कमी होण्यास त्याहून अधिक मात्रा लागते, असे आढळले. म्हणजेच औषध दिलेले असूनही प्राण्याची वेदना शिल्लक राहू शकते. २०१७ मध्ये केंब्रिज येथे मेंढीच्या छायाचित्रावरून संगणकाद्वारे वेदनेचा अंदाज बांधण्याची प्रणालीही मांडण्यात आली.

मर्यादा

झोप, गुंगी आणणारी औषधे व भूल यांमुळेही डोळे मिटतात किंवा चेहरा सैल पडतो. अशा वेळी मिळालेले गुण फसवे ठरू शकतात. चपट्या चेहऱ्याच्या जातींमध्ये लक्षणे वाचणे अवघड जाते. निरीक्षकाची उपस्थितीही परिणाम करते: पुरुषांच्या गंधाने उंदरांवर ताण येऊन त्यांची वेदनामुद्रा तात्पुरती मंदावते, असे २०१४ मधील संशोधनात दिसून आले. या श्रेणी मुख्यतः तीव्र व अल्पकालीन वेदनेसाठी तयार झाल्या आहेत. त्यामुळे कमी गुण मिळाले म्हणजे वेदना नाहीच, असा निष्कर्ष काढला जात नाही. प्राण्याची हालचाल, आहार व शारीरिक तपासणी यांच्या जोडीनेच गुणांचा अर्थ लावला जातो.