पर्यावरण संशोधनात कोणतं विद्यापीठ पुढे? रँकिंगचा आकडा नेमका काय मोजतो

ठाणे पूर्वेला कोपरीत राहणाऱ्याला पर्यावरणशास्त्राचा विषय शोधायला लांब जावं लागत नाही. मीठबंदराच्या बाजूला ठाणे खाडी आहे, खारफुटी आहे, शहराचं सांडपाणी आहे. याच खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण इथल्या एखाद्या मुलीला बीएस्सीनंतर याच विषयात पुढे जायचं असेल, तर ती आधी मोबाइलवर काय शोधते? ‘टॉप युनिव्हर्सिटी’. आणि समोर येतात चार-पाच याद्या. प्रत्येकीत क्रम वेगळा.

असं का होतं?

कारण ‘संशोधनात ताकदवान’ म्हणजे काय, याची प्रत्येक यादीची व्याख्या वेगळी आहे.

आपल्याकडची सरकारी यादी म्हणजे एनआयआरएफ. पहिली क्रमवारी २०१६ मध्ये आली. त्यात १०० पैकी ३० गुण संशोधनाला, ३० अध्यापन आणि साधनांना, २० निकालांना, १० सर्वसमावेशकतेला आणि १० प्रतिमेला, म्हणजे लोकांचं मत काय याला. २०२१ पासून संशोधन संस्थांसाठी स्वतंत्र गटही आहे. मात्र फक्त पर्यावरणशास्त्राची वेगळी यादी एनआयआरएफ काढत नाही. त्यामुळे ‘एनआयआरएफमध्ये पर्यावरणात अमुक नंबर’ असं कुणी सांगितलं, तर तो नंबर बहुधा संपूर्ण विद्यापीठाचा असतो, विभागाचा नव्हे. जाहिरातीत हा घोटाळा हमखास होतो.

विषयवार बघायचं तर परदेशी याद्यांकडे जावं लागतं. क्यूएसच्या यादीत ‘पर्यावरणशास्त्र’ हा वेगळा विषय आहे, पण तिथे प्राध्यापक आणि नोकरी देणाऱ्या कंपन्यांच्या मतांना मोठं वजन असतं. जुनं, नावाजलेलं विद्यापीठ आपोआप वर राहतं. शांघाय क्रमवारी मतं विचारत नाही, ती मुख्यतः शोधनिबंध मोजते. पण तिथे खारफुटीतले खेकडे ‘परिसंस्थाशास्त्रा’त जातात आणि सांडपाणी प्रक्रिया ‘पर्यावरणशास्त्र व अभियांत्रिकी’त. एकाच खाडीवरचं काम दोन यादीत विभागलं जातं! टाइम्स हायर एज्युकेशन तर पर्यावरणाला भूगर्भ आणि सागरी विज्ञानासोबत ‘भौतिक विज्ञान’ या मोठ्या गाठोड्यात बांधते.

निबंध मोजायचे कसे, हाही प्रश्न आहेच. समजा, एका विद्यापीठाचे १,००० निबंध आहेत आणि इतर संशोधकांनी त्यांचे दाखले ८,००० वेळा दिले. दुसऱ्याचे १०० निबंध आणि १,५०० दाखले. एकूण आकड्यात पहिलं पुढे. दर निबंधामागे बघितलं तर पहिल्याचे ८ आणि दुसऱ्याचे १५. (आकडे काल्पनिक आहेत, हिशेब खरा.) या दोन टोकांच्या मधला उपाय म्हणजे एच-इंडेक्स, जो जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवला. किमान ४० दाखले मिळालेले ४० निबंध असतील, तर इंडेक्स ४०.

हवामानबदलासारख्या विषयात एकेका निबंधावर शेकडो लेखकांची नावं असतात. अशा एका निबंधाचं पूर्ण श्रेय प्रत्येक संस्थेला दिलं, तर छोट्या विद्यापीठाची सरासरी एकदम उडी मारते. म्हणून नेचर इंडेक्स श्रेय लेखकांमध्ये वाटून ‘शेअर’ काढतो. तो न्याय्य वाटतो, पण तोही निवडक नियतकालिकंच मोजतो.

यादीत न दिसणारं काम

माझ्या मते खरी गोची इथे आहे. ठाणे खाडीच्या चिखलातले जीव, गाळ, पाणी यांवर ठाण्याच्याच बांदोडकर विज्ञान महाविद्यालयात वर्षानुवर्षं काम झालं आहे. पण ते महाविद्यालय आहे, विद्यापीठ नाही. त्यामुळे जागतिक विषयवार याद्यांमध्ये ते दिसणारच नाही. शिवाय एका खाडीवरच्या कामाचे दाखले परदेशातले संशोधक कशाला देतील? ते काम इथल्या मासेमारांना, महापालिकेला उपयोगी. याद्या उपयोग मोजत नाहीत, दाखले मोजतात.

नागपूरच्या ‘नीरी’चंही तसंच. १९५८ मध्ये स्थापन झालेली ही देशातली पर्यावरण अभियांत्रिकीची मोठी प्रयोगशाळा, पण ती सीएसआयआरची संस्था आहे. तिथे पीएचडी करणाऱ्यांना पदवी मिळते ‘अॅक्सिर’ या अकादमीची. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं मुंबईत प्रादेशिक केंद्र आहे, आणि फ्लेमिंगोंच्या अभ्यासासाठी ओळखली जाणारी बीएनएचएस तर १८८३ पासूनची. विद्यापीठांच्या यादीत यातलं काहीच शोधून सापडणार नाही.

मग निवडायचं कसं?

विभागाच्या वेबसाइटवर जा आणि मार्गदर्शकांचे गेल्या पाच वर्षांतले निबंध चाळा. तुम्हाला हवा अभियांत्रिकीचा रस्ता असेल, तर आयआयटी मुंबईत पर्यावरणशास्त्र आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे, एमटेकसाठी गेट द्यावी लागते. निसर्गविज्ञानाच्या बाजूने जायचं असेल, तर पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ इथे पर्यावरणाचे विभाग आहेत. विभागात प्रयोगशाळेतली उपकरणं चालू आहेत का, क्षेत्रभेटींचा खर्च कोण करतं, मागच्या तीन पीएचडी किती वर्षांत पूर्ण झाल्या, हे सध्या तिथे शिकणाऱ्यालाच विचारा. यातलं एकही उत्तर रँकिंगमध्ये छापलेलं नसतं.

आणि यादी बघायचीच असेल, तर नंबरच्या आधी तिच्या तळाशी असलेलं ‘पद्धत’ हे पान उघडा. मतांना किती टक्के, निबंधांना किती, आणि विषयाची हद्द कुठे आखली आहे, एवढं तिथे मिळतं. क्रमांक १०१ ते १५० अशा गटात दिला असेल, तर त्या गटातल्या विद्यापीठांमध्ये पुढे-मागे ठरवायला त्या यादीकडे काही आधार नाही असं समजायचं.